चावी कुणाच्या कमरेला?

टक्. टक्. टक्. मग खर्र. मग पुन्हा टक्.

हा आवाज कशाचा ते ओळखा. घड्याळाचा नाय. कपाटातल्या उंदराचा नाय. आमच्या वस्तीतल्या सत्तर कॅसेटींनी जीव सोडला त्याचा हा आवाज आहे आणि तो मी माझ्या कानांनी ऐकलाय.

२०१६ साली मी नुकताच दहावी झालो होतो. संघटनेतल्या एका पोरानं जुना टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिरांच्या कॅसेटी रात्र-रात्र बसून उतरवून काढल्या. जलसे, नामांतराच्या काळातल्या सभा, लग्नाच्या मांडवातली भीमगीतं, बायांनी म्हटलेले बाबासाहेबांचे पाळणे. घरोघर फिरून कॅसेटी गोळा करायचं काम माझ्याकडं. एका आजीनं कॅसेट पदरानं पुसून माझ्या हातात दिली. तिच्या नवऱ्याचा आवाज होता त्यात. माणसाचा एक फोटोसुद्धा घरात नाय, आवाज तेवढा उरलेला. म्हणाली, 'बाळा, परत आणून दे.'

सगळं एका काळ्या डिस्कवर गेलं. एक टीबीची, खिशात मावणारी. तिच्यातच जुन्या अनियतकालिकांचे स्कॅन, मोर्च्यांची पत्रकं, ॲट्रॉसिटीच्या केसेसचे कागद. आता सगळं 'सेफ' झालं म्हणून बुरशी धरलेल्या कॅसेटी भंगारात घातल्या. आजीचीही गेली. डिस्क गेली ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची चावी अध्यक्षांच्या कमरेला.

सहा वर्षं. आम्ही कॉपी मागायचो. उत्तर ठरलेलं : 'चळवळीचा ठेवा हाय तो, पोराटोरांच्या हातात द्यायची वस्तू नाय.' १४ एप्रिलला कपाट उघडायचं, डिस्क टेबलावर ठेवायची, तिला हार घालायचा, फोटो काढायचा आणि परत कुलूप. हार, अक्षरशः हार! बाबासाहेबांनी ज्यांच्या हातातली घंटा आणि उदबत्ती काढून घेतली, त्यांनी एका यंत्राला फुलं वाहिली. एकदाही कॉम्प्युटरला जोडली नाय. २०२२ साली एका केसच्या कागदासाठी जोडली तेव्हा ती बोलली : टक् टक् टक्.

दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं वाचणारं मुंडकं गेलंय, धूळबंद खोलीत उघडावी लागेल, चाळीस हजार होतील, गॅरंटी नाय. चाळीस हजार म्हंजे काय ते गोदीत पाठीवर घाम गाळणाऱ्याला विचारा. वर्गणी काढली. परत आले ते थोडे स्कॅन, अर्धेमुर्धे. आवाज एकही आला नाय.

आता मला सांगा, हे कुणी केलं? मनुवाद्यांनी? कुलूप कुणाचं होतं?

आपण भाषणं ठोकतो : आमचा इतिहास जाळला, आमच्या पोथ्या बुडवल्या, आम्हाला लिहू दिलं नाय. खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. पण ज्ञान कडीकुलपात ठेवायचं, ज्याच्याकडं चावी तो मोठा, बाकीच्यांनी लांबून हात जोडायचे, ही रीत कुणाची? ती पोथीवाल्यांची रीत. ती रीत आपण बिनव्याजी उचलली आणि तिला 'ठेवा' असं गोंडस नाव दिलं. माझं भांडण आज त्यांच्याशी नाय. माझं भांडण आपल्यातल्या चावीवाल्यांशी आहे.

एकच प्रत ठेवल्यानं काय होतं ते आपल्याला नवं नाय. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. स्वतः एका जहाजानं आले, पुस्तकं दुसऱ्या जहाजानं पाठवली. पोटाला चिमटा काढून जमवलेली ती पुस्तकं. महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं, पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. १९६७ साली दिल्लीत अलीपूर रोडच्या घरातले त्यांचे कागद बाहेर अंगणात काढून टाकले गेले आणि पावसात भिजले. वसंत मूनांसारख्या माणसानं आयुष्य घातलं तेव्हा उरलेल्यातून सरकारी खंड १९७९ पासून निघायला लागले, आणि पुढं त्या छपाईचा असा खोळंबा झाला की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दादरच्या आंबेडकर भवनात बुद्धभूषण प्रेस होता. २०१६ च्या जूनमध्ये पहाटेच्या अंधारात बुलडोझर आला आणि त्या जागेचा ढिगारा झाला. बुलडोझर बोलावणाऱ्यांत आपलं कुणीच नव्हतं असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय?

आणि विलास घोगरे. रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर, १९९७ च्या जुलैत ह्या शाहिरानं गळफास घेतला. त्याचा आवाज आज ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धनांनी १९८५ सालच्या 'हमारा शहर' ह्या फिल्ममध्ये तो धरून ठेवला होता आणि पुढं 'जय भीम कॉम्रेड' केली. पटवर्धनांचे उपकार मानतो. पण प्रत्येक वस्तीत पटवर्धन यायचा नाय. आपल्या बाकीच्या शाहिरांचे आवाज कुठल्या कपाटात टकटकताहेत ते आपणच बघायचंय.

मी गोदीत काम करतो म्हणून गोदीचं सांगतो. १४ एप्रिल १९४४. होय, १४ एप्रिलच. व्हिक्टोरिया डॉकला 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज लागलं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि स्फोटकं एकाच खणात! आग लागली, दुपारी चारनंतर जहाज फुटलं, गोदी फुटली, शेकडो माणसं मेली, कामगार किती मेले त्याचा धड हिशोब नाय. आमच्यातले म्हातारे कामगार अजून हे सांगतात, त्यांनी ते त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं. सगळं एका खणात भरू नये हे आम्हा हमालांना कळतं. मग अध्यक्षांना, सरचिटणीसांना, पीएचडीवाल्यांना का कळू नये? एका डिस्कमध्ये सगळं, त्या डिस्कच्या दोन कॉप्या काढल्या तरी दोन्ही त्याच कपाटात. आग लागली, २६ जुलैसारखं पाणी आलं, पोलीस आले, की तिन्ही एकदम जाणार.

यंत्राचं थोडं ऐका. ही पोथी नाय, पण वाचायला अवघड पण नाय.

डिस्कच्या पोटात तबकड्या असतात, त्यावर लोहचुंबकी थर. त्यावर वाचणारं मुंडकं तरंगतं. तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हंजे सेकंदाला ९० फेरे. मुंडकं आणि तबकडी यांच्यामधलं अंतर नॅनोमीटरात मोजायचं; माणसाचा केस त्यापुढं डोंगर. धुळीचा कण त्यात गेला की सत्यानाश. म्हणून घरी स्क्रूड्रायव्हर लावून डिस्क उघडणाऱ्या हुशारांना हात जोडतो : नका. चालू डिस्क हलवू नका, आपटू नका. लोकांना चुंबकाची भीती वाटते, स्पीकरजवळ ठेवली तर पुसेल म्हणून. अरे, घरातल्या चुंबकानं सहसा काय होत नाय, टेबलावरून पडल्यानं होतं.

दुसरी गोष्ट ओल. नेहमीच्या डिस्कला श्वास घ्यायचं एक बारीक भोक असतं, आत गाळणी लावलेली. म्हंजे हवा आत जाते, हवेबरोबर ओलही. मुंबईचा पावसाळा आणि खाडीची खारी हवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट म्हंजे ओलीचं माहेरघर. गोदीत थंड मुलखातून पोलादाची गुंडाळी येते. जहाजाचं झाकण उघडलं, आमची दमट हवा आत शिरली की थंड पोलादाला घाम फुटतो, थेंब धरतात, मग गंज. ह्या घामापायी माल खराब झाला की मुकादमापासून विमावाल्यापर्यंत सगळे नाचतात. तुमच्या डिस्कला तोच घाम येतो. एसीच्या खोलीतून काढून लगेच कॉम्प्युटरला लावू नका. पिशवीतच राहू द्या, खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, मग लावा. ठेवायची ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, जिथं उष्णता वर-खाली होत नाय. आधी स्टॅटिक करंट अडवणारी ती चकचकीत पिशवी, मग फोमात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या वर्षाला बदलायच्या. त्या एकदा प्यायल्या की पुढं पीत नायत. केबल आणि ॲडॉप्टर त्याच डब्यात. दहा वर्षांनी डिस्क सापडेल आणि केबल सापडणार नाय, असं होतं.

तिसरी गोष्ट, जी चावीवाल्यांना पचायची नाय : पडून राहिलेली डिस्क सुरक्षित नसते. आतलं वंगण, बेअरिंग, मोटर, बाहेरचं सर्किट, सगळ्यांना वय असतं. वर्षातून निदान एकदा, खरं तर दोनदा, ती जोडायची, फिरवायची, प्रत्येक फाईल पूर्ण वाचायची. नुसता फोल्डर उघडून नावं दिसली म्हंजे वाचली असं नाय. आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर सगळं उतरवायचं, जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवायची. अमेरिकेतल्या बॅकब्लेझ कंपनीनं स्वतःच्या हजारो डिस्का मोजून २०१३ साली सांगितलं, चार वर्षांनी शंभरातल्या साधारण ऐंशी जिवंत होत्या. त्या रात्रंदिवस चालणाऱ्या. तुमची कपाटातली त्या ऐंशीतली की वीसातली, हे तिला हार घालून कळत नाय.

'मग एसएसडी घेतो, तिच्यात फिरणारं काय नाय,' असं एक शिकलेला मित्र म्हणाला. वेग बघतोस, काळ बघत नाहीस! एसएसडी आणि पेन ड्राईव्ह विजेचा भार कोंडून अक्षर धरतात. वीज तुटली की भार हळूहळू झिरपतो. उद्योगाचं स्वतःचं मोजमाप असं की ग्राहकाची एसएसडी लिहून लिहून मुदतीला आली की बंद अवस्थेत ३० अंशाला एक वर्ष माहिती धरली तरी पास. एक वर्ष! आणि आपल्याकडं पत्र्याखाली किती अंश असतात? रोजच्या कामाला एसएसडी झकास. साठवणीला नको. आणि फुटपाथवर दोनशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राईव्ह विकणारा दिसला तर पुढं चला. तो आकडा खोटा असतो, भरलं की जुनं पुसत जातो.

क्लाऊडवाल्यांचं पण सांगतो. ढगात ठेवा, निवांत व्हा. ढग कुणाचा? ज्याचा सर्व्हर त्याचा. हप्ता थकला, खातं बंद. कुणी तक्रार केली, खातं बंद. पासवर्ड ज्याला ठाऊक तो कार्यकर्ता फुटून दुसऱ्या गटात गेला, खल्लास. (आपल्यात गट किती फुटतात हे सांगायला मला ह्या अंकाची पानं पुरायची नायत.) क्लाऊड जरूर वापरा, चौथी प्रत म्हणून. मालकाच्या वखारीत माल ठेवावा, पण पावती आणि दुसरा माल आपल्या घरात पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत मेली तर दुःख आहे. पण प्रत बदलली तर? एल्गार परिषद-भीमा कोरेगाव केसमध्ये २०१८ साली पुण्याच्या पोलिसांनी कॉम्प्युटर, डिस्का उचलल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत आर्सेनल कन्सल्टिंग ह्या अमेरिकी कंपनीनं तपासून सांगितलं की रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून व्हायरस घुसवून फाईली पेरल्या होत्या. तपासयंत्रणेनं ते मानलं नाय. कोर्टाचं कोर्टाला. पण त्यातून आपण शिकायचं ते हे : फाईलचा अंगठा घेऊन ठेवायचा. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ ही रीत कुठल्याही फाईलमधून ६४ अक्षरी अंगठा काढून देते. फाईलमधला एक काना इकडचा तिकडं झाला तरी अंगठा पार बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा फुकट बसलेली आहे, लिनक्समध्ये शा२५६सम. सगळ्या फाईलींची ही यादी काढायची, डिस्कवर ठेवायची, शिवाय कागदावर छापून वेगळी ठेवायची. दर वेळी डिस्क जोडली की अंगठे जुळवायचे. जिथं जुळला नाय तिथं एक तर डिस्क सडतेय, नाहीतर कुणी हात घातलाय. दोन्ही गोष्टी वेळेवर कळतात, आणि दुसऱ्या प्रतीतून ती फाईल परत आणता येते. आणि हे नुसतं आपलं खूळ नाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली कोर्टात जे प्रमाणपत्र जोडायचं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच आहे. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये आपलीच व्हिडिओ क्लिप घेऊन आपण कोर्टात जातो आणि समोरचा वकील म्हणतो, कशावरून खरी? तेव्हा ही ६४ अक्षरं बोलतात.

साक्षीदार बायांची नावं, पत्ते ज्यात आहेत त्या फोल्डरला मात्र पासवर्डचं कुलूप पाहिजे. इथं कुलूप बरोबर आहे. पण पासवर्ड एकाच डोक्यात ठेवला तर तोही अध्यक्षच झाला. निदान दोघांना माहीत पाहिजे आणि कागदावर सीलबंद पाकिटात तिसऱ्याकडं पाहिजे. काही बाहेरच्या डिस्का स्वतःच आत सगळं गुप्त लिपीत लिहितात. त्यांचं सर्किट जळलं तर तबकडी शाबूत असूनही वाचता येत नाय. घेताना विचारून घ्या.

आणि लिपीवरून आठवलं. समजा डिस्क वाचली, फाईल वाचली, अंगठा जुळला. उघडली तर काय? उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, ठिपके, चौकोन. नव्वदीतले आपले अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी नाहीतर आकृतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले. युनिकोडच्या आधीचा तो माल फॉन्ट नसेल तर कचरा दिसतो. पेजमेकर बंद पडून जमाना झाला. म्हणून अंक ठेवताना मूळ फाईल ठेवा, सोबत पीडीएफ ठेवा फॉन्ट आत घालून, आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून साधी टेक्स्ट फाईल ठेवा. आवाज वेव्हमध्ये, एमपीथ्री फक्त वाटायला. स्कॅन टिफमध्ये. जागा जास्त खातं, खाऊ दे. आणि फाईलला नाव द्या रे! 'न्यू फोल्डर', 'फायनल', 'फायनल फायनल' ही काय नावं झाली? कुणाचा आवाज, कुठली वस्ती, कुठलं साल, कुणी उतरवलं, एवढं मराठीत एका कागदावर पाहिजे. बिननावाचा आवाज म्हंजे बेवारस प्रेत.

आम्ही सात जणांनी अध्यक्षांना न विचारता जे सुरू केलंय ते उघड सांगतो, लपवायचं कारण नाय. जे थोडे स्कॅन वाचले आणि वस्तीत नव्यानं जे गोळा केलं, त्याच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क आणि निवडक मालाची एम-डिस्क, जी टिकायसाठीच बनवलेली असते. एक डिस्क वस्तीत, एक मराठवाड्यातल्या मित्राकडं, डिस्कांची तबकडी तिसऱ्याच घरी. ६ डिसेंबरला अख्खा महाराष्ट्र शिवाजी पार्कला येतो. मराठवाड्यातला मित्र त्याची डिस्क घेऊन येतो, आम्ही आमची नेतो, पुस्तकांच्या स्टॉलमागं लॅपटॉप लावून अंगठे जुळवतो, वहीत तारीख टाकून सह्या करतो आणि डिस्का बदलून घेतो. १४ एप्रिलला जो तो आपल्या गावी फिरवून बघतो. मागल्या खेपेला तीन फाईली जुळल्या नायत, दुसरीवरून परत आणल्या. खर्च दोन डिस्कांचा, म्हंजे एका डिजिटल बॅनरच्या आणि डीजेच्या एका रात्रीपेक्षा कमी. कुणालाही कॉपी पाहिजे असेल त्यानं रिकामी डिस्क घेऊन यावं. ओळखपत्र विचारत नाय, गट विचारत नाय. साक्षीदारांचा फोल्डर तेवढा मिळणार नाय.

अध्यक्ष म्हणतात ही शिस्तभंगाची गोष्ट आहे. मला नोटीस आलीय. पंधरा दिवसांत खुलासा करा म्हणतात. हाच माझा खुलासा, छापून देतोय.

बाकी एक काम राहिलंय. ती आजी अजून रस्त्यात भेटली की विचारते, 'बाळा, कॅसेट आणतोस ना?' आणि मी 'आणतो आजी' म्हणून पुढं जातो. तीन वर्षं खोटं बोलतोय. येत्या रविवारी सकाळी दहाला तिच्या घरी जाऊन खरं सांगणार आहे. अध्यक्षांनी सोबत यावं.